आबांनी गाडी साठवली!

जळगावात सोन्याबद्दल विचारायचं असेल तर सराफ बाजारात जा, केळीबद्दल विचारायचं असेल तर रावेरकडे जा, आणि स्पोर्ट्स कारबद्दल विचारायचं असेल तर सरळ माझ्याकडे या! हे मी एकटा म्हणत नाही. म्हणजे, म्हणतो मी एकटाच, पण गेली अठरा वर्षं इतक्या ठामपणे म्हणतोय की आता लोकांनाही ते खरं वाटायला लागलंय.

मी लीलाधर सूर्यवंशी. एका तंत्रनिकेतनात यंत्र विभागाला शिकवतो. कोणती गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते, कोणत्या वर्षी कोणत्या गाडीचा भाव काय होता, मला सगळं तोंडपाठ! माझ्याकडे स्वतःची एक अकरा वर्षं जुनी पांढरी छोटी गाडी आहे आणि तिचा डावा आरसा सुतळीने बांधलेला आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही. क्रिकेटवर बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी शतक ठोकलेलं असतं?

तर मागच्या जानेवारीत मी आणि बायको दिपमाला भरीत खायला सासुरवाडीला गेलो होतो. सासुरवाडी अमळनेर-धुळे रस्त्यावरून तीन किलोमीटर आत. अंगणात वांगी भाजून झाली होती, पुऱ्यांचा ढीग समोर होता आणि माझा मेहुणा कुंदन मोबाईलवर एक लालभडक गाडी बघत बसला होता.

"दाजी, ही कितीला असेल हो?"

बस! मला एवढंच लागतं.

"ही?" मी पुरी खाली ठेवली. "नऊ वर्षांपूर्वी हिला साठ लाख पडायचे. पाच वर्षांपूर्वी ऐंशी. आज सव्वा कोट! दर वर्षी वाढ, कुंदन, दर वर्षी! अरे, सोन्याने मान खाली घालावी अशी वाढ. आज घेणारा शहाणा, उद्या घेणारा वेडा!"

कोपऱ्यात माझे सासरे, वना आबा, भरीत खात होते. आबा म्हणजे चाळीस एकरांचे कापूसवाले. बोलणं मोजकं. घास गिळून त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"जवाईबापू, हाऊ भाव उतरस का कधी?"

"उतरणं?" मी असा हसलो की पुरीचा तुकडा घशात अडकला. "आबा, उतरण्याचा प्रश्नच नाही!"

आबांनी मान डोलावली आणि आणखी थोडं भरीत घेतलं. मला वाटलं, त्यांना भरीत आवडलं.

*

मे महिन्यात, सुट्टी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सासूबाईंचा फोन आला. भिकुबाई माझ्या सासूबाई. त्या फोनवर एरवी इतक्या मोठ्याने बोलतात की फोन कशाला करतात असा प्रश्न पडतो. त्या दिवशी मात्र कुजबुजत होत्या. दिपमालाने ऐकलं आणि तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला.

"काय झालं?"

"बायपासजवळचा प्लॉट विकला ना आबांनी, त्याचे पैसे बँकेत नाहीत!"

"मग कुठे आहेत?"

"आई म्हणते, कापसाच्या खोलीत काहीतरी आणून ठेवलंय. निळ्या ताडपत्रीखाली. कुलूप लावलंय आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधलीय. रोज संध्याकाळी आत जातात, दहा मिनिटं बसतात आणि हसत बाहेर येतात!"

त्या प्लॉटच्या पैशांतून सासूबाईंना नवं स्वयंपाकघर मिळणार होतं. ओटा असलेलं. चाळीस वर्षं त्यांनी खाली बसून भाकरी थापल्या, आता गुडघे उठू देत नाहीत. उभं राहून एक भाकरी करायची, एवढीच त्यांची मागणी. आबा तिला 'यंदा करू' असं एकोणीस वर्षं म्हणत होते.

"मी आहे ना!" मी म्हणालो. "चल. आबांना माझ्या पद्धतीने समजावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही पोहोचलो, तेव्हाच ऊन असं होतं की अंगणातली कोंबडी एका पायावर उभी राहून पाय बदलत होती. आबांना मी बाजूला घेतलं. मला वाटलं होतं, ते टाळाटाळ करतील. उलट त्यांचा चेहरा खुलला!

"तुमनीच वाट देखी ऱ्हायनतू! चला."

करगोट्याची किल्ली निघाली. कुलूप उघडलं. आत तीन बाजूंनी छताला टेकलेला कापूस. आबा यंदाचा उरलेला कापूस भाव वाढायची वाट पाहत धरून बसले होते. आणि त्या कापसाच्या मधोमध निळी ताडपत्री. आबांनी ती नव्या नवरीचा पदर सारावा तशी हळूच सारली.

लाल! दोन दारांची! जमिनीपासून वीतभर उंच! स्पोर्ट्स कार!

मागे दिपमाला होती, तिने कापसाच्या ढिगावर बैठक मारली. म्हणजे ती पडली, पण कापूस असल्यामुळे बसल्यासारखी दिसली.

"आबा, ही... ही कुठून?"

"सुरतहून. जुनी शे, सात वरीसनी. पन चाललेली फक्त नऊ हजार. आपला कापूस घेऊन गेलता ना ट्रक, तो रिकामाच परत येनार होता. त्याच ट्रकमा घालून आनली! भाडं बी निम्मं पडलं!"

"कितीला?"

"बत्तीस लाख."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी भिंत धरली.

"मन्हा ओटा खाई टाका ह्या गाडीनी!"

"थांब व!" आबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. डोळ्यांत असा आनंद की विचारू नका. "हां, सांगा जवाईबापू! आज काय भाव शे? इकू का आजून ठेवू?"

मी गाडीकडे बोट दाखवलं.

"आबा, गाडी कोणी साठवून ठेवतं का? गाडी काय कापूस आहे?"

"तुम्हीच सांगेल व्हतं! दर वरीस वाढस, उतरस नही! म्हनून तर लिधी. एक दिवस चालवली नही, धूळ बसू दिधी नही. कापसाले पाऊस लागू देत नही, हिले ऊन लागू दिधं नही. मी काय येडा शे का?"

आता सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आबांनी आशेने, कुंदनने दयेने, सासूबाईंनी, मी आयुष्यात खाल्लेलं सगळं भरीत परत मागावं, अशा नजरेने. आणि दिपमालाने कसं बघितलं ते मी लिहू शकत नाही. घरात मुलगी आहे, ती हे वाचेल.

"आबा, वाढतो तो नव्या गाडीचा भाव! जुनीचा उतरतो! आज ही फार तर चोवीस-पंचवीसला जाईल. आठ लाख बुडाले!"

कापसात कुठेतरी उंदीर खुडबुडला. आबा खाली बसले. एवढा मोठा माणूस, पण एकदम कोणीतरी हवा सोडल्यासारखा झाला. इतका वेळ मला त्यांचा राग येत होता, तो क्षणात गेला आणि माझीच लाज वाटायला लागली. त्यांनी मला विचारून घेतली नव्हती हे खरं, पण ऐकून घेतली होती. माझं ऐकून काहीतरी करणारा हा जगातला पहिलाच माणूस, आणि त्याचे आठ लाख गेले!

अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "काळजी करू नका! मी विकून देतो!"

*

धुळ्यात पितांबर शेठ म्हणून जुन्या महागड्या गाड्यांचे व्यापारी आहेत. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "घेऊन या, बघू. बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही."

घेऊन या! इथून धुळे तीसेक किलोमीटर. गाडी स्पोर्ट्स कार. आणि चालवणार कोण? सगळ्यांचे चेहरे पुन्हा माझ्याकडे!

मंडळी, आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी अशा गाडीत आयुष्यात कधी बसलेलोही नव्हतो. पण अठरा वर्षांची अब्रू होती.

"किल्ली द्या!" मी म्हणालो.

आबांनी काळ्या साबणाच्या वडीसारखं काहीतरी हातात ठेवलं. मी ते उलटसुलट करून किल्लीचं टोक शोधत होतो, तेवढ्यात कुंदन हळूच कानाशी म्हणाला, "दाजी, ते खिशातच ठेवायचं असतं. गाडीत बटण आहे."

"माहितीय मला!" मी म्हणालो.

दुसरा प्रश्न, कोण कोण जाणार? सीटा दोनच. गाडीचे मालक म्हणून आबा बसणार हे नक्की.

"आम्ही बसने येतो," दिपमालाने जाहीर केलं. "तुम्ही दोघंच गेलात तर येताना दुसरी घेऊन याल!"

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला, पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि दोघी फाट्याकडे निघाल्या. कुंदन मोटारसायकलवर आमच्या पुढे राहणार होता.

गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरण्यासारखं होतं. आधी एक पाय, मग कंबर, मग देवाचं नाव, आणि मग जे राहिलं ते. बटण दाबलं. काही नाही! तीन महिने उभी असल्याने बॅटरी मेली होती. कुंदनने ट्रॅक्टर आणला, दोन वायरी जोडल्या आणि ओरडला, "दाजी, मारा!"

मी बटण दाबलं, आणि घाबरून पाय एक्सिलेटरवर पूर्ण दाबला गेला.

तो आवाज! मागच्या नळ्यांतून एवढी हवा सुटली की मागची कापसाची भिंत उसळली आणि अख्खी खोली पांढरी झाली! गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं आणि ती शेजाऱ्याच्या ओसरीत शिरली. गावात कोणीतरी ओरडलं, "डीपी उडनी व!" आणि चार माणसं आपापले पंखे बंद करायला धावली.

आबा मात्र शांत. दाढीतला कापूस काढत म्हणाले, "इंजिन चांगलं शे."

गावातून बाहेर पडेपर्यंत तरी सगळं ठीक होईल असं वाटलं होतं, पण गावातून बाहेर पडायच्या आधीच शाळेसमोरचा गतिरोधक आला. तो मागच्या वर्षी ग्रामस्थांनी स्वतः बांधलेला आहे आणि त्यांनी सिमेंट वाचवलेलं नाही. गाडीचं पुढचं चाक पलीकडे गेलं, मागचं अलीकडे राहिलं आणि पोट मधोमध टेकलं. झोपाळ्यावर ठेवल्यासारखी गाडी डुलायला लागली!

कुंदन पारावरून आठ जण गोळा करून आला.

"उतरू का?" मी विचारलं.

"नका उतरू दाजी, परत बसायला अर्धा तास लागेल!"

आठ जणांनी आम्हा दोघांसकट गाडी उचलली आणि पलीकडे ठेवली. एकाने घाम पुसत खिडकीत डोकं घातलं.

"आबा, कितलाले लिधी?"

"बत्तीस," आबा म्हणाले.

मुख्य रस्त्याला लागलो. पुढचं गाव आलं, पुढचा गतिरोधक आला, पुढचे आठ जण आले. पुन्हा उचलाउचली, पुन्हा खिडकीत डोकं.

"कितलाले लिधी, आबा?"

"चाळीस."

मी दचकून बघितलं. तिसऱ्या गावात आकडा बावन्न झाला! चौथ्या गावात, जिथे एक सरपंचही उचलायला आले होते, तिथे आबा बिनदिक्कत म्हणाले, "सत्तर!"

"आबा! अहो, खोटं कशाला सांगताय?"

"खोटं कसानं? भाव वाढी ऱ्हायना ना!"

त्यांना हसू फुटलं होतं. सकाळपासून पहिल्यांदाच. मीही हसलो. आठ लाख बुडालेला माणूस हसतो आहे म्हटल्यावर, ज्याने बुडवले त्याला हसायला काय हरकत?

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला आणि लाल एसटी आम्हाला ओलांडून पुढे गेली. दोनशे ऐंशीचा वेग असलेल्या गाडीला! खिडकीत दिपमाला आणि सासूबाई होत्या. सासूबाईंनी वरून आमच्याकडे असं बघितलं, जसं विमानातून लोक शेतांकडे बघतात.

उकाडा आता असह्य झाला होता. काळी सीट, लाल पत्रा, चव्वेचाळीस अंश. "आबा, एसी लावतो," मी म्हणालो आणि बटण फिरवलं.

फूऽऽस! समोरच्या चारही जाळ्यांतून कापूस आला! तीन महिन्यांत उंदरांनी आत स्वतःसाठी गाद्या भरून ठेवल्या होत्या. नाकात कापूस, कानात कापूस, डोळ्यांसमोर कापूस! मी एका हाताने चाक धरलं, दुसऱ्याने बटण शोधलं, ते सापडलं, आणि ते वायपरचं निघालं. कोरड्या काचेवर वायपर कर्रकर्र करत नाचायला लागले. बाहेरचं काही दिसेना. आबा शिंकत होते आणि प्रत्येक शिंकेनंतर म्हणत होते, "धागा लांब शे! धागा लांब शे!" कापूस पारखायची सवय, दुसरं काय!

सकाळी नऊला निघालेलो आम्ही, तीसेक किलोमीटर पार करून, दुपारी दीडला धुळ्यात पोहोचलो. सायकलवर निघालो असतो तर वाटेत जेवूनही आधीच पोहोचलो असतो.

*

पितांबर शेठच्या आवारात गाडी थांबली. आम्ही दोघं बाहेर आलो, म्हणजे कुंदनने ओढून काढलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे! रुई पिंजणाऱ्याकडून थेट आल्यासारखे.

सासूबाई आणि दिपमाला दोन तास आधीच पोहोचून पंख्याखाली बसल्या होत्या. समोर उसाचा रस. एक साधासा माणूस, अंगात चुरगळलेला शर्ट, पायात चपला, सगळ्यांना रसाचे ग्लास देत होता. मलाही एक दिला. शेठचा नोकर असावा. फार नम्र! शेठ आत फोनवर होते.

तो माणूस गाडीभोवती दोन चकरा मारून माझ्याजवळ आला.

"सर, तुम्ही यातले जाणकार ना? ताई सांगत होत्या, तुम्ही इंजिनं शिकवता. मग एक विचारू? आजच्या भावात अशी गाडी घेणं परवडतं का हो?"

आबा शेजारीच उभे होते. माझ्या मनात आलं, हीच वेळ आहे! जानेवारीत जी चूक केली ती आज आबांसमोर दुरुस्त करायची. असं सांगायचं की पुन्हा आयुष्यात आबा गाडीचं नाव काढणार नाहीत!

"परवडणं?" मी रसाचा ग्लास बाजूला ठेवला. "अजिबात नाही! ऐका. ही गाडी लिटरला पाच किलोमीटर चालते. उतारावर! टायर बदलायचे म्हटले तर एक चांगली म्हैस येईल एवढे पैसे, एका टायरला! दुरुस्तीला मुंबई नाहीतर अहमदाबाद. आपल्या रस्त्यांवर हिला चालवता येत नाही, उचलावी लागते. आज चार गावांनी उचलली!"

पंख्याखालून दिपमाला जोरजोरात हात हलवायला लागली. मला वाटलं, ती मला शाबासकी देतेय. मी आवाज चढवला.

"आणि आतून? उंदरांनी धर्मशाळा काढलीय! हे बघा, माझ्या कानात अजून कापूस आहे!"

दिपमाला खोकली. एकदा, दोनदा, दहादा. उन्हाने घसा कोरडा झाला असावा. मी माझा रस तिच्याकडे सरकवला आणि पुढे बोललो.

"नव्या गाड्यांचे भाव आकाशाला भिडलेत, कबूल! पण म्हणून जुनी घ्यायची? मी स्पष्ट सांगतो, ज्याच्याकडे पैसा जास्त आणि अक्कल कमी, तोच माणूस ही गाडी घेईल!"

त्या माणसाने मान डोलावली. मग म्हणाला, "आभारी आहे सर. बरं झालं, वेळेत कळलं." आणि चपला ओढत फाटकाकडे निघाला.

"किती समंजस नोकर आहे शेठचा!" मी म्हणालो.

तेवढ्यात शेठ हातात कागद घेऊन बाहेर आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"डॉक्टर कुठे गेले?"

"कोण डॉक्टर?"

"डॉक्टर बुद्धभूषण! दातांचे मोठे डॉक्टर आहेत इथले. तुमची गाडी घेणार होते ना! चौतीस लाखांना ठरली होती, मी कागद करत होतो!"

माझ्या कानातला कापूस आपोआप गळून पडला.

"चौतीस? कोणी ठरवली?"

"तुमच्या सासूबाईंनी! अहो, काय बाई आहे! मी म्हटलं पंचवीस. त्या म्हणाल्या, गाडी तीन महिने खोलीबाहेर निघालेली नाही, ऊन नाही, पाऊस नाही, धूळ नाही. डॉक्टर शेजारी बसले होते, त्यांचे कान टवकारले. दोन तासांत यांनी पंचविसाचे चौतीस केले! रस पण डॉक्टरांच्याच पैशांचा!"

"पण... जुनीचा भाव तर उतरतो ना?" मी कसंबसं विचारलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला? नव्या गाड्या सव्वा कोटाच्या वर गेल्यावर लोक जुन्याच शोधतात साहेब! गेल्या वर्षभरात जुन्या चांगल्या गाड्यांचे भाव चढलेत. ज्याने धरून ठेवली, तो जिंकला!"

आबांनी माझ्याकडे बघितलं. नुसते कापसातून बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं!

म्हणजे जानेवारीत मी 'घ्या' म्हणालो, आबांनी घेतली. सकाळी मी 'बुडाले' म्हणालो, ते बुडालेच नव्हते. आणि आता मी तोंड उघडलं आणि चौतीस लाख चपला ओढत फाटकाबाहेर गेले!

"जा ना मागे!" दिपमाला ओरडली. "समजवा त्यांना!"

"हां, मी सांगतो त्यांना की..."

"तुम्ही नही!" सासूबाई उठल्या. "तुम्ही आते चूप बठा!"

आणि मंडळी, त्या बाईचे ते गुडघे, जे चुलीपासून उठू देत नव्हते, ते त्या भर उन्हात फाटकाबाहेर धावले! आम्ही सगळे मागे. डॉक्टर स्कूटर चालू करत होते.

"ओ डाक्टरभाऊ! थांबा!" सासूबाईंनी स्कूटरचं हँडल धरलं. "ह्या मानूसनं ऐकी ऱ्हायनात तुम्ही? हाऊ मन्हा जवाई शे! याना सांगावरून आम्हीन ही गाडी लिधी व्हती."

"म्हणजे? यांनीच घ्यायला सांगितली?"

"तर! तवय म्हने, घेवो, भाव उतरत नही. आज सकाळी म्हने, आठ लाख बुडनात. आते तुम्हले म्हनस, घेऊ नका. एक बी गोष्ट खरी निघनी नही याची! लगीन व्हयनं तवयपासून मी देखी ऱ्हायनू!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, किडलेला दात काढायचा की ठेवायचा हे ठरवताना बघत असतील तसं.

"म्हणजे यांचा अंदाज प्रत्येक वेळी चुकतो?"

"एक सावा नही!" सासूबाई म्हणाल्या. म्हणजे, अपवाद एकही नाही.

"दाजींनी सांगितलं होतं की मी बारावीला नापास होईन," कुंदनने भर घातली. "मी पहिला आलो."

"आमच्या घराचा नळ दुरुस्त करायला लागतच नाही म्हणाले होते," दिपमाला म्हणाली. "शेजाऱ्यांच्या घरात पाणी शिरलं."

घरची माणसं! मी उन्हात उभा होतो आणि ती एकामागून एक पुरावे देत होती. मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर चौतीस लाख पुन्हा गेले असते.

डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. आधी ओठ हलले, मग खांदे हलले आणि मग ते इतक्या जोरात हसले की त्यांचे स्वतःचे दात किती चांगले आहेत ते सगळ्यांना दिसलं.

"सर, एकदा शेवटचं विचारतो. घेऊ की नको?"

मी आबांकडे बघितलं. दिपमालाकडे बघितलं. सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग छातीवर दगड ठेवला.

"मुळीच घेऊ नका!" मी म्हणालो.

"मग घेतलीच पाहिजे!" डॉक्टर म्हणाले आणि आत गेले. चौतीस लाखांना, उंदरांसकट!

*

परतीच्या बसला गर्दी होती. सासूबाईंना आणि दिपमालाला जागा मिळाली, आबांना एकाने उठून दिली. मी उभा. आबांनी फाट्यापर्यंत तीनदा मला बोलावून सांगितलं, "दोन लाख वाढनात, जवाईबापू! तुम्हन पहिलंच बरोबर व्हतं!" माझी बाजू घेणारा बसमध्ये तो एकच माणूस होता. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत दिपमालाला सांगत होत्या की ओटा काळ्या दगडाचा करायचा, आणि गवंडी आला की जवाईबापूंना घरी बोलवायचं नाही.

चार दिवस मी जळगावात कोणाशी गाड्यांबद्दल बोललो नाही. शेजाऱ्याने नवी मोटारसायकल आणली, तर मी तिच्याकडे न बघता हवामानावर बोललो.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"लीलाधर सर का? मी पाचोऱ्याहून बोलतो. धुळ्याच्या डॉक्टर बुद्धभूषण साहेबांनी तुमचा नंबर दिला. ते म्हणाले, काही मोठं घ्यायचं असेल तर आधी सरांना विचारा!"

माझी छाती पुन्हा फुगली! बघा, म्हटलं, शेवटी गुणाची पारख झाली! पार पाचोऱ्यापर्यंत नाव गेलं!

"विचारा ना!"

"ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय सर. निळा घेऊ की लाल?"

मी खुर्ची ओढून बसलो. वीस मिनिटं बोललो. घोडे, गिअर, डिझेल, टायर, दुरुस्ती, भाव कसे वाढणार, कुठला टिकणार, सगळं! कधी नव्हे इतकं सुंदर बोललो. शेवटी ठाम निकाल दिला. "डोळे मिटून निळा घ्या!"

मग त्या माणसाने मागे वळून कोणाला तरी हाक मारलेली मला स्पष्ट ऐकू आली.

"अरे पोऱ्हो, ठरनं रे! लाल सांगी टाक!"